पहिलं बाळ, लश्करची थंडी आणि घरभर सल्लागार

ग्वाल्हेरच्या मराठी घरात बाळ आलं की दोन घरच्या रीतीभाती एकदम सुरू होतात. सासूबाईंची पाचवी, सटवाई आणि बारसं एकीकडे. शेजारच्या भाभींची सहाव्या दिवसाची छठी, बाळंतिणीला द्यायचा हरीरा आणि सोंठीचे लाडू दुसरीकडे. मालिशवाली रोज येऊन काहीतरी नवीन सांगून जाते, पुण्याच्या नणंदबाई फोनवर तिसरंच सांगतात, आणि मोबाइलवरचे व्हिडिओ आहेतच. बाळंतीण बिचारी मधे बसून सगळ्यांना 'हो' म्हणते.

मी इथल्याच एका प्रसूती वॉर्डात नर्स होते. आता निवृत्त आहे, पण ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमच्या गल्लीत कुणाची सून किंवा लेक बाळंत झाली की 'माई, जरा बघून जा' असा निरोप येतोच. त्या पोरींना मी पहिल्यांदा हेच सांगते, की पहिला महिना तुझी कामं दोनच, दूध आणि ऊब. लंगोट दुसरं कुणी धुवेल, पाहुण्यांचा चहा दुसरं कुणी टाकेल, बारशाला जेवायला काय हे तर तू विचारूही नकोस. प्रत्येक गोष्टीवर घरात वाद घालण्याइतकी ताकद बाळंतिणीत नसते. म्हणून कशावर अडून बसायचं आणि काय चालू द्यायचं, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

दूध

जन्मल्यावर पहिल्या तासात बाळ अंगावर घ्यायचं. सिझेरियन झालं तरी दोघं ठीक असतील तर नर्सला सांगून घ्यायचं. आपण मागितलं नाही तर वॉर्डाच्या गडबडीत राहून जातं, हे मी आतून बघितलेलं सांगते. पहिले दोन-तीन दिवस जो घट्ट पिवळसर चीक येतो तो थेंबाथेंबानेच येतो आणि तेवढाच पुरतो, कारण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चहाचा चमचाभर मावतं. 'हिला दूधच नाही' हे वाक्य मी नोकरीत जितकं ऐकलं तितकं दुसरं कुठलं ऐकलं नसेल, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी, दूध उतरायच्या आधीच म्हटलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती जड होते, टणक लागते, दूध उतरतं. तोवर कुणी पावडरचा डबा आणायला निघालं तर त्याला दारातच थांबवायचं.

पाजायला बसायचं कसं, हे मात्र शिकावं लागतं. पाठीला उशी, पाय जमिनीवर किंवा पाटावर टेकलेले. बाळाचं पोट तुझ्या पोटाला लागलं पाहिजे. बाळ उताणं आणि फक्त मान वळवलेली, असं प्यायला लावलंस तर ते दोन मिनिटांत दमतं. तू स्वतः मान खांद्याकडे वळवून पाणी पिऊन बघ म्हणजे कळेल. मान आणि खांद्यांना आधार दे, डोकं मागून दाबू नकोस. बाळाचं नाक निपलच्या समोर येऊ दे आणि निपल त्याच्या वरच्या ओठावर हलकेच फिरव. बाळ मोठा आ करेल. तेवढ्यात त्याला छातीकडे घे. आपण वाकून छाती बाळाच्या तोंडात द्यायला गेलो की महिनाभरात पाठ धरते.

बरोबर लागलं की हनुवटी छातीला टेकलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, निपलभोवतीचा काळसर भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसतो. थोड्या वेळाने घोट गिळल्याचा आवाज येतो. चपचप आवाज येत असेल, बाळाच्या गालाला खळ्या पडत असतील आणि तुला कळा येत असतील तर नीट लागलेलं नाही. मग ओढून सोडवू नकोस. करंगळी धुऊन बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकव, पकड सुटते, आणि पुन्हा लाव. भेगा पडल्या असतील तर पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन-चार थेंब लावून वाळू दे. छातीचा एखादा भाग लाल होऊन दुखायला लागला आणि ताप आला तर डॉक्टरांना दाखव, पण पाजणं बंद करू नकोस. तुंबलं की दुखणं वाढतं.

चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं. घड्याळापेक्षा बाळ बघ. मूठ तोंडाकडे जाते, मान इकडेतिकडे वळते, जीभ बाहेर येते, तेव्हाच घे. रडायला लागलं म्हणजे उशीर झाला, आणि रडणारं बाळ छातीला नीट लागत नाही. पहिल्या दिवसांत तीन तास उलटून गेले तरी झोपलेलं असेल तर पायाचे तळवे चोळून, अंगावरचं दुपटं काढून उठव. संध्याकाळी काही बाळं तासातासाला मागतात. त्यात दुधाचा काही दोष नसतो, तो बाळांचा स्वभावच असतो.

पुरतंय का, हे ओळखायला लंगोट मोजायचे. पहिल्या दिवशी एखादी शू, दुसऱ्या दिवशी दोन, आणि पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान ६ ओले लंगोट. शी आधी डांबरासारखी काळी-हिरवी, मग हिरवट, आणि आठवड्याच्या आत मोहरीच्या चटणीसारखी पिवळी, दाणेदार. दर दुधामागे एक शी झाली तरी ते जुलाब नव्हेत. म्हणूनच मी पहिला महिना दिवसा सुती लंगोट आणि रात्री डायपर असं सांगते. डायपरमध्ये किती वेळा भिजलं ते कळत नाही, आणि नव्या आईची निम्मी काळजी त्या मोजणीनेच मिटते.

वजनाचंही सांगून ठेवते, नाहीतर घाबरून जाल. पहिल्या चार-पाच दिवसांत बाळाचं वजन उतरतं. जन्माच्या वजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरलं तर चालतं. दोन आठवड्यांच्या आत ते भरून यायला हवं. पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ होते. घरच्या काट्यावर रोज तोलत बसू नका. लसीच्या दिवशी किंवा आशाताई आल्या की तोलून घ्या.

आता अडून बसायची पहिली गोष्ट. डॉक्टरांनी दिलेले थेंब-औषध सोडलं तर सहा महिने आईच्या दुधाशिवाय पोटात काही जाऊ द्यायचं नाही. मध नाही, गुळाचं पाणी नाही, ग्राइप वॉटर नाही, साधं पाणीसुद्धा नाही. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की 'अगं, घशाला कोरड पडली असेल त्याच्या' म्हणून कुणीतरी चमचा घेऊन येणारच. आईच्या दुधात बहुतेक भाग पाणीच असतं. उन्हाळ्यात जास्त वेळा पाज आणि तू स्वतः तांब्याभर पाणी जवळ ठेव. मधाचं तर विशेष सांगते, कारण सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवणं हे आपल्याकडे शुभ मानतात. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, त्यांचं विष बाळाच्या आतड्यात तयार होतं आणि अंग लुळं पडतं. या आजाराला बोट्युलिझम म्हणतात. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नकोच. अंगठी धुऊन बाळाच्या कपाळाला लावा, मान राखला जातो.

घुटीचा प्रश्न जास्त नाजूक, कारण ती सासूबाईंच्या हातची असते. सहाण धुऊन मुरडशेंग, वेखंड, बाळहिरडा, जायफळ यांचे वेढे मोजून घ्यायचे, ही मोजणी त्यांना त्यांच्या सासूबाईंनी शिकवलेली असते. पण ती सहाण, तो हात, ते पाणी किती स्वच्छ आहे ते दिसत नाही. जायफळाने बाळ गुंगतं, आणि गुंगलेलं बाळ दूध मागत नाही. मी घरात गेले की हे थेट बाळंतिणीला सांगत नाही, सासूबाईंनाच बाजूला घेऊन सांगते: 'काकू, डॉक्टरांनी सहा महिने लिहून दिलंय, तोवर सगळं सामान डब्यात जपून ठेवा.' डॉक्टरांच्या चिठ्ठीवर खापर फोडलं की घरात शांतता राहते.

खरोखरच वरचं दूध द्यायची वेळ आली, म्हणजे डॉक्टरांनीच तसं सांगितलं, तर बाटली नको. वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरा, आणि ते दर वेळी घासून उकळून घ्या.

ऊब

डिसेंबर-जानेवारीत इथे धुकं पडलं की दिवसदिवस ऊन दिसत नाही, आणि रात्रीचा पारा ५ अंशांच्या खालीही जातो. जनकगंज-दौलतगंजच्या जुन्या दगडी वाड्यांत तर बाहेर बरं वाटावं अशी थंडी आत असते. नवजात बाळाला आपल्यासारखं कुडकुडता येत नाही. ते गार पडलं की गप्प होतं, दूध सोडतं, आणि घरचे म्हणतात, 'किती शहाणं आहे, रडतच नाही.'

त्यासाठी वॉर्डात आम्ही जी परीक्षा शिकवायचो ती घरीही चालते. हाताची उलटी बाजू आधी बाळाच्या पोटाला लाव, मग तळव्यांना. दोन्ही उबदार आणि तळवे गुलाबी असतील तर बाळ मजेत आहे. पोट उबदार पण तळवे गार, म्हणजे बाळ थंडीशी झगडतंय. लगेच टोपी, मोजे, आणि बाळ छातीशी. पोटही गार लागलं तर तो धोका समजायचा. छातीशी घेऊनच दवाखान्याकडे निघायचं. ही परीक्षा रात्री पाजायला उठशील तेव्हा दर वेळी कर, दोन सेकंद लागतात. घरात डिजिटल थर्मामीटरही असू द्या. काखेत ३६.५ ते ३७.५ सेल्सियस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, हे ठीक.

छातीशी म्हणजे खरोखर कातडीला कातडी. बाळ फक्त लंगोट आणि टोपीत, तुझ्या गाऊनच्या आत, बेडकासारखे पाय पसरून छातीवर उभं, वरून शाल. याला कांगारू पद्धत म्हणतात. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला याच्याइतकं औषध दुसरं नाही. तू दमलीस तर बाळाच्या बाबांना बसव. बाप्ये आधी लाजतात, मग उठायलाच तयार होत नाहीत.

कपडे आपल्यापेक्षा एक थर जास्त. झबलं, त्यावर स्वेटर, टोपडं किंवा कुंची, पायमोजे, वरून दुपटं. लोकरीचं थेट अंगाला लावू नका, आत सुती असू द्या. आणि इतकंही गुंडाळू नका की मान घामेजते. घाम आला, चेहरा लाल झाला की एक थर काढायचा.

अडून बसायची दुसरी गोष्ट शेगडी. बंद खोलीत कोळशाची सिगडी ठेवून झोपायची पद्धत आपल्या भागात अजून आहे, बाळंतिणीच्या खाटेखाली शेकासाठी तर हमखास. कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतला माणूस जागाच होत नाही. दर हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानात अशा बातम्या येतात. ओवा-बाळंतशेपांची धुरीही त्यातच आली, नव्या फुप्फुसांना कसलाच धूर नको. खोली गरम करायला तेल भरलेला इलेक्ट्रिक रेडिएटर चांगला. ब्लोअर असेल तर झोत बाळावर नको, झोपायच्या आधी खोली तापवून घ्या. गरम पाण्याची पिशवी गादी गरम करायला ठेवा आणि बाळ ठेवायच्या आधी काढून घ्या. बाळाच्या अंगाला लागून ठेवलेल्या पिशवीने भाजतं.

आणि रजाई. ग्वाल्हेरची कापसाची भरलेली जड रजाई आपल्याला कितीही प्रिय असली तरी ती बाळाच्या अंगावर येता कामा नये. बाळ उताणं, सपाट घट्ट गादीवर, तोंड उघडं, आजूबाजूला उशा-खेळणी-गोधड्यांचा ढीग नको. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी शिवून आणतात, तीही नको. डोकं गोल होतं ते बाळ मोठं होताना आपोआप. तुझ्या खोलीत झोपू दे, पण आपल्या गादीला लागून वेगळी छोटी गादी किंवा पाळणा बरा. थकून बाळासकट सोफ्यावर डोळा लागणं सगळ्यांत वाईट.

उन्हाळ्यातलं थोडक्यात सांगते. कूलरचा झोत अंगावर नको आणि खिडकी थोडी उघडी हवी, एसी असेल तर २६-२७ वर ठेवा, एक सुती झबलं पुरे, घामोळ्यावर पावडर नको. लू, म्हणजे उन्हाळ्यातला तो गरम वारा, चालू असताना बाळाला घेऊन महाराज बाड्यावर खरेदीला जाऊ नये, हे मला लिहावं लागतंय यातच काय ते आलं.

मालिश, आंघोळ, नाळ

मालिश चालू द्या. आईला आणि बाळाला दोघांनाही बरं वाटतं, आणि मालिशवाली आली की बाळंतिणीला तासभर कुणीतरी विचारपूस करायला मिळतं. फक्त पहिला आठवडा जाऊ द्या, आणि दूध-झोपेच्या मधे करा, पाजल्यापाजल्या नको.

तेलाचा वाद मात्र इथला खास आहे. मुरैना-भिंडचा सगळा पट्टा सरसोंचा, म्हणजे मोहरीचा, त्यामुळे घाणीवरचं सरसोंचं तेल म्हणजे अमृत अशी समजूत. ते नवजात कातडीला झोंबतं, पुरळ येतं. खोबरेल वापरा. थंडीत बाटलीत थिजतं, तर बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पातळ करा आणि आपल्या मनगटावर लावून बघून मगच बाळाला लावा. कानात, नाकात, बेंबीत तेल सोडायचं नाही.

मालिशवालीला पहिल्याच दिवशी, हसत का होईना, एक गोष्ट बजावून सांग. काही बाळांची, मुलगा असो की मुलगी, छाती पहिल्या आठवड्यात फुगते आणि दोन थेंब दूधही येतं. आईच्या संप्रेरकांचा तो परिणाम असतो, काही आठवड्यांत जातो. जुन्या बायका ते 'पिळून काढतात'. त्याने गळू होतो आणि कापून काढायची वेळ येते. नाक ओढून सरळ करणं, डोकं दाबून गोल करणं, पाय धरून उलटं लटकवणं, हेही सगळं बंद.

पहिली आंघोळ निदान २४ तासांनंतर. नाळ पडेपर्यंत कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ फडक्याने पुसलं तरी पुरतं, आणि हिवाळ्यात कमी वजनाच्या बाळाला तर तेवढंच करा. पाण्याचा अंदाज कोपराने घ्या. दुपारी, दारं लावून, टॉवेल आणि कपडे आधी मांडून ठेवून. पाच मिनिटांत उरकायचं, डोकं शेवटी धुवायचं आणि पहिल्यांदा पुसायचं.

नाळेला काही म्हणजे काही लावायचं नाही. हळद, राख, तेल, पावडर, कुंकू, काही नाही. लंगोट नाळेच्या खाली बांधा, कोरडी राहू द्या. साधारण एक ते दोन आठवड्यांत पडते. भोवती कातडी लाल झाली, पू आला, वास आला तर दाखवा.

काजळ डोळ्यांत नको. छठीला आत्यानं काजळ घालायचं असतं आणि तिला नेग, म्हणजे मानाची भेट, मिळतो, त्यामुळे ती हटून बसते. तिला म्हणावं तळपायाला तीट लाव आणि नेग घे. आमच्या गल्लीत अशी तडजोड सगळ्या आत्यांनी मान्य केली आहे, नेग कमी झालेला नाही.

ज्यासाठी फोन करायची गरज नाही

शिंका, उचक्या, झोपेत दचकणं, नाकावर पांढरे कण, हातापायांची कातडी सोलवटणं, अंगावर मच्छर चावल्यासारखे येऊन-जाऊन लाल ठिपके, ढुंगणावर निळसर डाग, पाजल्यावर थोडं दूध उचलणं, टाळूवर धडधड दिसणं. मुलींना पहिल्या आठवड्यात दोन-चार थेंब रक्त जाऊ शकतं, तेही आईच्या संप्रेरकांमुळेच. नाक चोंदलं तर सलाइनचे थेंब टाकायचे, तोंडाने फुंकायचं नाही.

रडणं वाढत वाढत सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यांत जास्त होतं आणि मग उतरतं. पाजून, ढेकर काढून, लंगोट बदलून, छातीशी घेऊनही थांबत नसेल आणि तुझा तोल जायला लागला तर बाळ गादीवर उताणं ठेव, दार ओढून घे, पाच मिनिटं अंगणात जाऊन ये. बाळाला रागाने किंवा गमतीनेही हलवायचं नाही. त्याची मान डोकं पेलत नाही, आतल्या आत मेंदूत रक्तस्राव होतो.

ज्यासाठी रात्री दोनलाही निघायचं

बाळ दूध घेईनासं झालं किंवा घेता घेता सोडून देतंय. झटके येताहेत. हलवल्याशिवाय हालचालच करत नाही. श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त; हे मोजायचं बाळ शांत असताना, झबलं वर करून, पोटाकडे बघत, पूर्ण एक मिनिट, आणि जास्त आलं तर पुन्हा एकदा. श्वास घेताना बरगड्यांखाली खोल खड्डा पडतोय किंवा कण्हल्यासारखा आवाज येतोय. काखेत ताप ३७.५ च्या वर. कपडे सैल करून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा बघा आणि उतरला नसेल तर निघा, घरचं औषध न देता. किंवा काखेतलं तापमान ३५.५ च्या खाली. उलटी हिरवी. ओठ निळे.

कावीळ बऱ्याच बाळांना होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा पिवळा दिसायला लागतो, दोन आठवड्यांत जातो. पण पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर त्याच दिवशी दाखवायचं. बाळाला दिवसाउजेडी खिडकीपाशी नेऊन कपाळाची कातडी बोटाने दाबून सोड, खालचा रंग दिसतो. कोवळ्या उन्हात ठेवणं हा कावीळीवरचा उपाय नव्हे, आणि जानेवारीत त्या नादात बाळ गारठतं. वाढली तर निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं, ते दवाखान्यातच होतं.

रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचा इलाज, औषधं आणि नेणं-आणणं हे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळ वर्षाचं होईपर्यंत मोफत आहे, तेव्हा 'पैशांची सोय सकाळी करू' म्हणून रात्र घालवू नका. जाताना बाळाला टोपी घालून छातीशी धरून न्या, वाटेत पाजत राहा.

तुझं तू

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, हरीरा, जे आवडेल ते खा. पण डाळ-भात-भाजी-पोळी सोडून नुसत्या लाडवांवर राहू नकोस. बाळंतिणीला पाणी तोडून द्यायची जुनी रीत आहे; ती मानू नकोस. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने चालू. दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत, कॅल्शियमने लोह अंगी लागत नाही.

रक्तस्राव हळूहळू कमी होत चार-सहा आठवडे चालतो. तासाला एक पॅड भिजायला लागलं, मोठ्या गाठी पडल्या, घाण वास आला, ताप आला, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा एकच पोटरी सुजून दुखायला लागली, तर तू आजारी आहेस. बाळाचं आवरून मग जाते म्हणू नकोस.

चौथ्या-पाचव्या दिवशी काही कारण नसताना रडू कोसळतं. बहुतेकींना होतं, दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, बाळाकडे बघावंसं वाटेना, बाळ झोपलं तरी झोप येईना, भलतेसलते विचार यायला लागले, तर नवऱ्याला सांग, आईला सांग, किंवा १४४१६ वर फोन कर. ही सरकारी टेलिमानस सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते. 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे. तेव्हाही होतं, वाड्याच्या आतल्या खोलीत होतं.

पाहुण्यांसाठी दारापाशी साबण आणि स्वच्छ नॅपकिन ठेव. हात धुतल्याशिवाय बाळ हातात नाही, सर्दी असेल तर लांबूनच, आणि पापा कुणीच घ्यायचा नाही. हे बोलायचं काम नवऱ्याचं.

कागद आणि लसी

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत फुकट होते. दवाखान्यातूनच अर्ज जातो, पण सुटी घेताना विचारून घ्या. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायला हव्यात. शहरात त्या कधी कधी येत नाहीत, तर आपणच नंबर घेऊन बोलवा.

दवाखाना सोडायच्या आधी कार्डावर बघून घ्यायचं: बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, हिपॅटायटिस बी (हा २४ तासांच्या आत हवा), आणि व्हिटॅमिन केचं इंजेक्शन. व्हिटॅमिन डीचे थेंब, रोज ४०० युनिट, वर्षभर. बाटलीतल्या ड्रॉपरवर किती रेघेपर्यंत भरायचं ते दुकानदाराला नव्हे, डॉक्टरांना विचारा, कारण प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं असतं.

पुढची फेरी सहा आठवड्यांनी. पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि पोलिओचं इंजेक्शन, रोटाव्हायरस, न्यूमोकॉकल. त्या रात्री मांडी दुखते, ताप येऊ शकतो. पॅरासिटामॉलचा डोस बाळाच्या वजनावर ठरतो, म्हणून तो लस देतानाच कार्डाच्या मागे लिहून घ्या. टोचलेल्या जागी बर्फ, हळद, तेल काही लावू नका, चोळू नका. याच सुमारास डाव्या दंडावर बीसीजीच्या जागी फोड येईल, कदाचित फुटून पाणी येईल, खपली धरेल. ती लस लागल्याची खूण आहे. दाबायची नाही, मलम लावायचं नाही, आंघोळीचं पाणी लागलं तरी चालतं. काखेत गाठ मोठी व्हायला लागली तरच दाखवा. आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा, फ्रिजवर नको. फ्रिजवरची कार्डं हळदीने पिवळी झालेली मी पुष्कळ बघितली आहेत, आणि तारीख वाचता येत नाही म्हणून पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं.